माहेर आणि सीमा : ‘मम्मो’ या चित्रपटाचा एक अन्वयार्थ

१. प्रास्ताविक

‘सीमा’ हा शब्द उच्चारताच मराठी अभ्यासकाच्या मनात प्रथम जो संदर्भ जागा होतो तो बहुधा बेळगाव-कारवारचा असतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेली राज्यपुनर्रचना, १९६६ मध्ये नेमला गेलेला महाजन आयोग, त्याचा १९६७ मधील अहवाल आणि त्यानंतरचे दीर्घ आंदोलन यांनी या शब्दाला मराठीत एक विशिष्ट भावार्थ प्राप्त करून दिला आहे. तथापि या सीमेच्या दोहोंकडची माणसे एकाच राष्ट्राची नागरिक आहेत. बेळगावच्या बहिणीला कोल्हापूरच्या भावाकडे जाण्यासाठी कोणाची अनुज्ञा घ्यावी लागत नाही. भाषिक अन्यायाची वेदना खरी असली, तरी घराचा दरवाजा तेथे कायद्याने बंद झालेला नसतो.

दोन राष्ट्रांमधील सीमा ही मूलतः निराळ्या जातीची गोष्ट आहे. ती जमीन विभागते, आणि त्याचबरोबर नात्यांचे कायदेशीर स्वरूपही बदलते. सख्खी बहीण तिच्यामुळे ‘परकीय नागरिक’ ठरते, आणि आप्तांच्या घरी राहणे हा मुदत असलेला परवाना होतो. फाळणीने पंजाब आणि बंगाल हे दोन प्रांत चिरले गेले. महाराष्ट्र चिरला गेला नाही. म्हणून फाळणी हा मराठी साहित्याचा मध्यवर्ती विषय कधी झाला नाही, हे समजण्याजोगे आहे. परंतु त्यामुळे या अनुभवाशी मराठी मुलखाचा संबंधच आला नाही, असे मानणे मात्र वस्तुस्थितीला धरून होणार नाही.

श्याम बेनेगल (१९३४–२०२४) यांनी दिग्दर्शित केलेला ‘मम्मो’ (१९९४) हा चित्रपट या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. त्याची भाषा हिंदुस्थानी असली, तरी त्याचे घटनास्थळ मुंबई आहे. सीमेपासून शेकडो मैल दूर असलेल्या या शहरातील एका घरात राष्ट्राची सीमा कशी येऊन उभी राहते, हे त्याचे आशयसूत्र होय. या चित्रपटाचा अर्थ मराठी वाचकाला परिचित असलेल्या ‘माहेर’ या संकल्पनेच्या आधारे कसा लावता येईल, याचा विचार येथे केला आहे.

२. ठाणे जिल्ह्यातील एक खूण

मुरबाड तालुक्यातील टोकावडे हे गाव कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. घाट चढून गेले की जुन्नरचा मुलूख लागतो. उलट दिशेने, मुरबाडवरून कल्याणकडे निघालेला प्रवासी शहाडजवळ पोहोचतो तेव्हा त्याच्या शेजारी उल्हासनगर पसरलेले असते. या परिसरातील लोक त्याला आजही ‘कॅम्प’ म्हणून ओळखतात, आणि त्याच्या भागांना क्रमांकांनी संबोधतात. या नावाच्या मागे फाळणीचा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावण्यांत १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांची सोय करण्यात आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १ एप्रिल १९३६ रोजी सिंध हा स्वतंत्र प्रांत झाला. तोवर तो मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे कराची आणि टोकावडे ही दोन्ही स्थळे एका काळी एकाच प्रशासनाखाली होती. कराचीतील सुप्रसिद्ध ‘एन. जे. व्ही.’ शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. एकाच इलाख्याची दोन टोके पुढे दोन राष्ट्रांत गेली. पंजाब आणि बंगाल यांचा निदान काही भाग भारतात राहिला. सिंध मात्र संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. म्हणून सिंधी निर्वासितांच्या वाट्याला जी भाषा आली तिला भारतात स्वतःचा प्रदेश उरला नाही. १९६७ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात सिंधीचा समावेश झाला, तो अशा भूमिविहीन भाषेचा समावेश होता.

याच जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात तानसा, भातसा या धरणांच्या जलाशयांखाली गावे गेली. तेथून उठून गेलेल्या कुटुंबांचा अनुभवही घर गमावण्याचाच आहे, आणि अध्यापनात ‘विस्थापन’ या एका संज्ञेखाली हे दोन्ही अनुभव पुष्कळदा एकत्र ठेवले जातात. परंतु त्यांच्यातील भेद महत्त्वाचा आहे. धरणग्रस्ताचे घर पाण्याखाली जाते. त्याचे आप्त मात्र त्याच्यासाठी परके होत नाहीत. सीमेमुळे विभक्त झालेल्या कुटुंबाच्या बाबतीत नेमके उलट घडते. घर जागेवर असते, त्यात दिवा लागलेला असतो, दार उघडणारे माणूसही जिवंत असते. परंतु त्या दारात किती दिवस थांबावयाचे हे कार्यालयातील शिक्का ठरवतो. ‘मम्मो’चा विषय हा दुसऱ्या प्रकारचा अनुभव आहे.

३. कथानक

या चित्रपटाची कथा खालिद मोहम्मद यांची असून ती त्यांच्या स्वतःच्या कुटुंबातील अनुभवावर आधारलेली आहे. पुढे त्यांनीच लिहिलेल्या ‘सरदारी बेगम’ (१९९६) आणि ‘झुबैदा’ (२००१) या चित्रपटांसह ‘मम्मो’ची एक त्रयी मानली जाते. फरिदा जलाल यांनी मम्मोची, तर सुरेखा सिक्री यांनी तिच्या बहिणीची, फय्यूजीची, भूमिका केली आहे. उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटास मिळाला, आणि सुरेखा सिक्री यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

पानिपत येथे वाढलेल्या बहिणींपैकी एक, मेहमूदा, विवाहानंतर पतीच्या घरची होते आणि फाळणीनंतर लाहोरची रहिवासी, पर्यायाने पाकिस्तानची नागरिक ठरते. तिला मूलबाळ नाही. पतीच्या निधनानंतर मालमत्तेच्या लोभाने सासरची माणसे तिला घराबाहेर काढतात. ती मुंबईस फय्यूजीकडे येते. फय्यूजी आपल्या मुलीच्या मुलाला, रियाजला, सांभाळीत एका साध्या सदनिकेत राहत असते. घरात एक बोलकी, धार्मिक, हट्टी आणि प्रेमळ वृद्धा अचानक वावरू लागल्याने किशोरवयीन रियाजची प्रथम कुचंबणा होते, पुढे त्याच्या मनात तिच्याविषयी जिव्हाळा निर्माण होतो.

दरम्यान मम्मोच्या व्हिसाची मुदत संपत येते. मुदतवाढीसाठी पोलीस कचेरीच्या खेपा सुरू होतात; लाच दिली जाते; काही काळ निभावते. अखेर एके दिवशी पोलीस घरी येतात आणि तिला मुंबई सेंट्रल स्थानकावर नेऊन सीमेकडे जाणाऱ्या गाडीत बसवतात. बहीण आणि नातू स्थानकावर धावत पोहोचतात, पण गाडी निघून जाते. वीस वर्षांनंतर, रियाज प्रौढ लेखक झालेला असताना, मम्मो पुन्हा एकदा दारात उभी राहते. या वेळी कुटुंब निराळा मार्ग स्वीकारते. मम्मो मरण पावली असल्याचे कागदोपत्री दाखवले जाते. कागदावर मृत झालेली मम्मो यापुढे बहिणीच्या घरी राहू शकते.

४. कायद्याची रचना आणि तिचा कथेशी संबंध

या कथानकातील व्हिसाची भानगड ही एखाद्या भ्रष्ट अधिकाऱ्यामुळे उद्भवलेली अडचण आहे, असे समजल्यास चित्रपटाचा अर्थ उणावतो. तिच्या मागे कायद्याची एक सुसंगत रचना आहे. ती थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये सीमारेषा आखली गेली, तरी माणसांची ये-जा लगेच थांबली नाही. पुष्कळांनी तात्पुरते म्हणून घर सोडले होते. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून भारतात येणाऱ्यांसाठी परवाना आवश्यक करण्यात आला. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदाने, १ मार्च १९४७ नंतर भारतातून पाकिस्तानच्या प्रदेशात स्थलांतर केलेली व्यक्ती भारताची नागरिक मानली जाणार नाही, असे ठरवले. पुनर्वसनाच्या वा कायमच्या परतीच्या परवान्यावर परत आलेल्यांचा अपवाद तेवढा ठेवला. ऑक्टोबर १९५२ मध्ये दोन्ही देशांत पारपत्र आणि व्हिसा यांची पद्धत सुरू झाली. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने पुढील चौकट पूर्ण केली, आणि परकीय नागरिकांचे वास्तव्य त्या काळी १९४६ च्या कायद्याने नियंत्रित होत असे. पाच-सात वर्षांत अशा प्रकारे ‘पलीकडे गेलेला नातेवाईक’ हा ‘परदेशी माणूस’ झाला.

या रचनेत काही प्रसंगी न्यायालयांनी हस्तक्षेप केला. मुंबई राज्याविरुद्धच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये, परवान्याच्या नियमाचा भंग झाला एवढ्याच कारणावरून भारतीय नागरिकाला देशाबाहेर काढण्याचा अधिकार देणारे कलम घटनाबाह्य ठरवले. परंतु हे संरक्षण नागरिकांना होते. जी व्यक्ती आधीच नागरिकत्वाच्या बाहेर पडली होती, तिला त्याचा उपयोग नव्हता.

स्त्रियांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होता. पत्नीचा अधिवास पतीच्या अधिवासाच्या मागून जातो, हे त्या काळच्या कायद्यातील प्रस्थापित तत्त्व होते. याचा अर्थ, लाहोरला जाण्याचा निर्णय पतीने घेतला तरी त्याचा परिणाम पत्नीच्या कायदेशीर स्थानावर होत असे. याउलट, १९५५ च्या बिहार राज्य विरुद्ध कुमार अमर सिंह या खटल्यात, पतीचा अधिवास भारतात असल्याने कराचीस गेलेली पत्नी भारतीयच आहे, हा युक्तिवाद मान्य झाला नाही. सातवा अनुच्छेद त्याहून प्रबळ ठरला. हे दोन्ही विचार शेजारी ठेवले की लक्षात येते की, पतीमागून जाणे आणि पतीला सोडून जाणे या दोन्ही गोष्टींनी स्त्री ‘पलीकडची’ ठरू शकत होती. मम्मो ही पहिल्या प्रकारातील आहे. तिने राष्ट्र निवडले नाही. तिने संसार केला, आणि त्या संसाराचा राष्ट्रीयत्व हा एक आनुषंगिक परिणाम होता. संसार संपला, परिणाम मात्र कायम राहिला.

५. माहेरचे सूत्र

येथेच मराठी वाचकाला या चित्रपटाकडे पाहण्याची एक स्वतःची वाट सापडते. पतीच्या निधनानंतर सासरी आसरा न उरलेली स्त्री भावा-बहिणीच्या दारी येते, हा प्रसंग मराठी लोकगीतांना, विशेषतः जात्यावरील ओव्यांना, अपरिचित नाही. त्या ओव्यांचे विश्व सासर आणि माहेर या दोन ध्रुवांमध्ये विस्तारलेले असते. माहेरची वाट, वाटेवरची नदी, मुराळी म्हणून येणारा भाऊ, अंगणात उभी असलेली आई या प्रतिमांमधून स्त्रीने आपल्या विभक्तपणाला भाषा दिली. मुरबाड-शहापूरच्या परिसरात घाटाखालची लेक घाटावर दिली, तर मधला सह्याद्री हा तिच्या दृष्टीने अंतराचे मोजमाप होत असे. परंतु घाट चढता येतो. पावसाळा सरला की वाट मोकळी होते.

‘मम्मो’मध्ये सासर आणि माहेर यांच्यामधील जागा राष्ट्राच्या सीमेने घेतली आहे. ओवीतील अडथळे निसर्गाचे किंवा सासूच्या मनाचे असतात. ते ऋतुमानाने वा विनवणीने दूर होण्याची आशा असते. सीमेच्या अडथळ्यापुढे विनवणीला अर्थ नसतो, कारण तेथे विनवणी ऐकणारा माणूस नसतो, नियम असतो. मम्मो पोलीस कचेरीत बोलते, आर्जवे करते, आपली हकिगत सांगते. तिची सारी भाषा नात्याची आहे. कचेरीला मात्र ती भाषा समजत नाही. तिला अर्ज समजतो, मुदत समजते आणि अनधिकृतपणे पैसा समजतो. चित्रपटातील लाचखोरीकडे या दृष्टीने पाहिल्यास असे दिसते की, या व्यवस्थेत मानवी गरजेला शिरकाव मिळण्याची एकच फट शिल्लक आहे आणि ती भ्रष्टाचाराची आहे. प्रामाणिक अधिकारी आला की तीही बुजते. हा विरोधाभास चित्रपट भाष्य न करता मांडतो.

दुसरे असे की, मम्मोचे मूळ माहेर पानिपत हे आहे. मराठी मनात पानिपत म्हणजे १७६१. तेथे गेलेली आणि परत न आलेली माणसे. या बहिणींसाठी मात्र ते बालपणीचे अंगण आहे. मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने एकाच स्थळाचे हे दोन अर्थ एकमेकांजवळ येतात, आणि एकाची युद्धभूमी ही दुसऱ्याची जन्मभूमी असते याची जाणीव होते. परंतु पानिपतचे ते घरही आता उरलेले नाही. म्हणून मम्मोचे माहेर हे एखाद्या गावात नसून एका माणसात आहे. फय्यूजी जेथे असेल ते तिचे माहेर. माहेर हे स्थळ नसून नाते आहे, हे लोकगीतांतील सूत्र येथे अगदी शब्दशः खरे ठरते. आणि राज्यसंस्थेच्या दप्तरात नेमका याच नात्यासाठी रकाना नसतो.

नावांची योजनाही या संदर्भात अर्थपूर्ण आहे. व्हिसाच्या कागदावर तिचे औपचारिक नाव आहे; ‘मम्मो’ हे घरातील हाकेचे नाव. मराठी समाजात विवाहाच्या वेळी वधूचे नाव बदलण्याची चाल होती, आणि माहेरी आल्यावर जुन्या नावाने हाक ऐकू येणे हा ओळख परत मिळण्याचा क्षण असे. चित्रपटाचे शीर्षक हाकेच्या नावावर ठेवलेले आहे. शेवटी कागदावरील नाव मरते आणि हाकेचे नाव जगते.

६. निवेदक आणि स्मृती

चित्रपटाची घडण प्रौढ रियाजच्या स्मरणातून झालेली आहे. त्यामुळे प्रेक्षकाला फाळणीकडे थेट पाहावयास मिळत नाही. तो फाळणी न पाहिलेल्या पिढीच्या डोळ्यांनी पाहतो. रियाजला सुरुवातीस मम्मोच्या आठवणींत फारसे स्वारस्य नसते. त्याला चित्रपट पाहावयाचे असतात, मित्र हवे असतात, घरात स्वतःचा कोपरा हवा असतो. त्याच्या लेखी ही आजी म्हणजे अडचण आहे. या चित्रणात किशोरवयाची क्रूरता लपवलेली नाही, आणि त्यामुळेच पुढची जवळीक विश्वसनीय होते.

फाळणीच्या काळातील हिंसा चित्रपट भव्य दृश्यांतून उभी करीत नाही. ती मम्मोच्या सांगण्यातून येते. एक वृद्धा बोलते आहे आणि एक मुलगा ऐकतो आहे, एवढेच पडद्यावर असते. हा संयम अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हिंसा दृश्य झाली की ती भूतकाळातील घटना ठरते. सांगणाऱ्या चेहऱ्यावर ती दिसली की ती वर्तमानात चालू असल्याचे जाणवते. फरिदा जलाल यांच्या अभिनयातील बडबड आणि तिच्या आड दडलेले भय यांचा मेळ या ठिकाणी विशेष प्रत्ययकारी झाला आहे. सुरेखा सिक्री यांची फय्यूजी याउलट मितभाषी आणि करारी आहे. घर चालवण्याची चिंता तिच्या बोलण्यात कठोरपणा आणते. दोन बहिणींची भांडणे हा चित्रपटातील सर्वांत जिवंत भाग आहे. कारण भांडण्याचा हक्क हाही नात्याचाच पुरावा असतो. पाहुण्याशी कोणी असे भांडत नाही.

मम्मोला ज्या फ्रंटियर मेलने पाठवले जाते, तिच्या नावातही इतिहास साठलेला आहे. १९२८ साली सुरू झालेली ही गाडी मुंबईहून पेशावरपर्यंत जात असे. १९४७ नंतर तिचा प्रवास अमृतसरलाच थांबू लागला; १९९६ मध्ये तिचे नाव बदलून ‘गोल्डन टेंपल मेल’ असे झाले. तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातून रोज धावणाऱ्या या गाडीचे नाव एकेकाळी वायव्य सरहद्दीपर्यंतच्या सलग प्रवासाचे निदर्शक होते. मम्मोच्या वाट्याला मात्र त्या नावाचा दुसराच अर्थ येतो.

७. तौलनिक संदर्भ

या विषयावरील चित्रपटांत एम. एस. सत्यू यांच्या ‘गर्म हवा’ या चित्रपटाचे स्थान अग्रगण्य आहे. इस्मत चुगताई यांच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी लिहिलेला हा चित्रपट १९७४ मध्ये प्रदर्शित झाला. आग्र्यातील पादत्राणांचे उत्पादक सलीम मिर्झा यांचे कुटुंब एकेक करून पाकिस्तानात जाते. हवेली थोरल्या भावाच्या नावावर असल्याने निर्वासित मालमत्ता ठरते. मुलगी अमीना हिच्यावर प्रेम करणारा काझिम पारपत्राशिवाय परत येतो आणि पकडला जातो. येथेही प्रेमाच्या आड येते ती कागदाची उणीव. परंतु ‘गर्म हवा’चा प्रश्न ‘राहावे की जावे’ असा आहे, आणि शेवटी मिर्झा मिरवणुकीत सामील होऊन राहण्याचा निर्णय घेतात. नागरिकाला असा निर्णय घेता येतो. मम्मोला निर्णयाचे हे स्वातंत्र्यच नाही. तिची कथा त्या निर्णयाच्या पंचवीस-तीस वर्षांनंतर सुरू होते.

मुंबई सोडून जानेवारी १९४८ मध्ये लाहोरला गेलेल्या सआदत हसन मंटो यांची ‘टोबा टेक सिंह’ ही कथा येथे स्वाभाविकपणे आठवते. वेड्यांच्या अदलाबदलीत बिशनसिंग दोन्ही देशांच्या मधल्या, नाव नसलेल्या भूमीवर कोसळतो. त्याला जागा मिळते ती मृत्यूत. मम्मोलाही जागा मिळते ती मृत्यूमुळेच, मात्र तो मृत्यू कागदावरचा आहे. मंटोच्या शोकात्म उपरोधाची जागा बेनेगल यांच्या चित्रपटात घरगुती युक्तीने घेतली आहे.

मराठीत या जाणिवेचा पूर्वसूर विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीत सापडतो. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडावी लागलेली ज्यू तरुणी हॅर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर यांची बोटीवरील प्रेमकथा मुंबई बंदरात येऊन तुटते. चक्रधर उतरू शकतो, हॅर्टा उतरू शकत नाही. बोट तिला घेऊन पूर्वेकडे जाते आणि ती समुद्रात जीव देते. मुंबई हे शहर सीमेपासून दूर असूनही सीमेचे ठिकाण होऊ शकते, हे बेडेकरांनी फाळणीच्या आठ वर्षे आधी दाखवले होते. ‘रणांगण’मधील बंदर आणि ‘मम्मो’मधील रेल्वे स्थानक ही एकाच शहराची दोन दारे आहेत.

मराठी मुलखाला आंतरराष्ट्रीय सीमा कधी नव्हतीच, असेही म्हणता येणार नाही. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहातील गोळीबारानंतर भारताने आर्थिक नाकेबंदी कडक केली, आणि सावंतवाडी-पेडणे यांसारख्या शेजारच्या भागांतील नातेसंबंधांवर तिचा ताण पडला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘सात हिंदुस्तानी’ (१९६९) या चित्रपटाला गोव्याच्या सीमेची पार्श्वभूमी आहे. तेथे सीमा ओलांडणे हे शौर्य आहे, कारण ती सीमा परकीय सत्तेची आहे. ‘मम्मो’मध्ये तीच कृती गुन्हा ठरते. ओलांडणाऱ्याच्या पायांत फरक नाही. सीमेला मान्यता कोणाची आहे, यावर कृतीचे मूल्य ठरते.

८. शेवटाचा प्रश्न

चित्रपटाच्या शेवटावर एक आक्षेप घेता येण्याजोगा आहे. खोट्या मृत्यूच्या दाखल्याने प्रश्न सोडवणे ही एक सोयीची सुटका असून तिच्यामुळे आधीच्या शोकात्म प्रत्ययाची धार बोथट होते, असे म्हणता येईल. वीस वर्षांनी दारात उभी राहिलेली मम्मो ही वास्तवापेक्षा रियाजच्या इच्छेतील अधिक आहे, असाही संशय येऊ शकतो. कारण कथा तोच सांगतो आहे.

या आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्याने शेवटाचा संपूर्ण अर्थ लागत नाही. जिवंत बाईला घरात ठेवण्यासाठी तिला मृत ठरवावे लागते, हा ज्या व्यवस्थेत उपाय ठरतो, त्या व्यवस्थेविषयीचे हे विधान आहे. शिवाय या उपायाची किंमत चित्रपट लपवीत नाही. मृत व्यक्तीला शिधापत्रिका नसते, रुग्णालयात स्वतःच्या नावाने नोंद करता येत नाही, कबरीवर खरे नाव घालता येत नाही. मम्मोला बहिणीचे घर मिळते, पण त्या घराच्या उंबरठ्याबाहेर ती अस्तित्वात नसते. जात्यावरच्या ओव्यांतील लेकीला माहेरी सन्मानाने यावयाचे असते. मम्मोला माहेरी लपून राहावे लागते. आनंद आहे, पण तो नोंदीबाहेरचा आनंद आहे.

हा प्रश्न केवळ भूतकाळातील नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक प्रकारचे व्हिसा रद्द केले आणि अटारीची तपासणी चौकी बंद केली. त्या दिवसांत चौकीवर ताटकळलेल्यांमध्ये माहेरी आलेल्या आणि सासरी परत निघालेल्या स्त्रियाही होत्या. काहींचे पारपत्र एका देशाचे, तर मुलांचे दुसऱ्या देशाचे होते. राष्ट्राच्या सुरक्षिततेचा प्रश्न खरा आहे. तो नाकारून या स्त्रियांच्या स्थितीचा विचार करता येणार नाही. परंतु सुरक्षिततेच्या निर्णयाची झळ ज्यांना प्रथम लागते, त्यांत विवाहामुळे सीमेपलीकडे गेलेली स्त्री असते, हे ‘मम्मो’ने दाखवलेले सत्य त्या प्रसंगी पुन्हा प्रत्ययास आले.

९. समारोप

‘मम्मो’च्या या वाचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, राष्ट्राची सीमा ही नकाशावरील रेषेपुरती नसून ती नागरिकत्व, अधिवास आणि व्हिसा यांच्या द्वारे घराच्या आत पोहोचणारी रचना आहे. दुसरी, या रचनेत स्त्रीचे स्थान विवाहामुळे विशेष अनिश्चित होते, आणि म्हणून सासर-माहेराचे लोकपरंपरेतील सूत्र हे या अनुभवाचे आकलन करून घेण्याचे एक समर्थ साधन ठरते. तिसरी, फाळणीचा अनुभव मराठी साहित्याच्या परिघाबाहेरचा आहे ही समजूत पुन्हा तपासून पाहावी लागते. ‘रणांगण’पासून गोव्याच्या सीमेपर्यंत आणि मुंबईतील एका सदनिकेपर्यंत या अनुभवाचे धागे मराठी मुलखात विखुरलेले आहेत.

ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्यासमोर हा चित्रपट ठेवताना फाळणीच्या राजकीय इतिहासापासून आरंभ केला, तर तो त्याला दूरचा वाटण्याचा संभव आहे. त्याऐवजी त्याच्या घरातील आजीला येत असलेल्या माहेरच्या ओव्यांपासून, किंवा टोकावड्याहून कल्याणला जाताना लागणाऱ्या ‘कॅम्प’ या नावापासून आरंभ करता येईल. ते नाव छावणीचे आहे. छावणी तात्पुरती असते. तेथे उतरलेली माणसे पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ तेथेच आहेत, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या घरांना जाणारी वाट बंद आहे. आजीच्या ओवीतील घाट आणि ही बंद वाट यांच्यातील फरक विद्यार्थ्याच्या ध्यानी आला, म्हणजे मम्मो स्थानकावर का रडते हे त्याला निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता उरणार नाही.